जोडी अर्धीच राहिली, साडू

साडू, तुझ्या शोकसभेत मी तावातावानं उठलो तेव्हा खुर्चीही माझ्याबरोबर उठली.

प्लास्टिकची, हातवाली, शाळेतून मागून आणलेली. तिचे दोन्ही हात माझ्या कमरेत रुतून बसले होते. समोर तुझा हार घातलेला फोटो, बाजूला माईक धरून गावच्या मंडळाचा नाना, मागे अख्खा गाव, आणि मधे मी, पाठीला चार पाय लावून उभा. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. तू असतास तर तूच आधी हसला असतास. मग चष्मा पुसत म्हणाला असतास, "बस खाली. आणि मुद्दा काय तो सांग."

मुद्दा होता. नानानं नुकतंच माईकमध्ये म्हटलं होतं, "प्रभाकररावांचा फ्लूचा रिपोर्ट नील होता. हृदयानं दगा दिला. देवाची मर्जी."

नील! तुझ्या फोटोसमोर, तुझ्या अंगणात, तुझ्या नावापुढे नील. मी खुर्चीसकट उठणार नाही तर काय करणार?

या एका शब्दावरून आपण किती भांडलो असू. आपल्याकडे रक्त तपासा, लघवी तपासा, फोटो काढा, काही निघालं नाही की माणूस दवाखान्याच्या पायरीवरूनच ओरडतो, "नील आला गो रिपोर्ट!" आणि घरी गोडाचा शिरा होतो. मलाही हा शब्द फार आवडायचा. सुटसुटीत. तुला मात्र तो ऐकला की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं.

"नील म्हणजे शून्य," तू म्हणायचास. "तपासणीच्या त्या पट्टीला फक्त एवढंच म्हणायचंय की मला सापडला नाही. तुम्ही ऐकता की नाहीच."

"अरे, लोकांना हो का नाही तेवढंच हवं असतं."

"काल तुझ्या धक्क्यावर त्या बोटवाल्याच्या जाळ्यात कोळंबी आली नाही. मग खाडीतली कोळंबी संपली?"

"जाळं फाटकं असेल त्याचं."

"गेला तासभर मी दुसरं काय सांगतोय तुला!"

आणि मी आगरदांड्याच्या धक्क्यावर, माझ्या बर्फाच्या कारखान्याच्या दारात, लाकडाच्या भुशात बर्फाची लादी झाकायला लागायचो. मग पुन्हा, "पण साडू, एक सांग..."

तुझं काम मला कधी धड कळलंच नाही, हेही आता कबूल करायला हरकत नाही, कारण तू ओरडायला नाहीस. आपण दोघे सख्ख्या बहिणींचे नवरे. लग्नानंतर पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी विचारलं होतं, "तुम्ही मुंबईत रोगी तपासता का?" तू म्हणालास, "नाही. तपासणीला तपासतो. सर्दीतापाचे विषाणू ओळखायच्या ज्या चाचण्या बाजारात येतात, त्या खरं बोलतात का ते बघतो." मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, मोठे जावई परीक्षांची परीक्षा घेतात. पुढची कित्येक वर्षं सासरचे लोक पोरांचे मार्क वाढवून घ्यायला तुझ्याकडे येत होते. तू चिडायचास. माझ्यावर नाही, त्या पोरांच्या आईबापांवर. ही आवई कुणी उठवली हे तुला तेव्हा ठाऊक नव्हतं.

तू निवृत्त होऊन काशीदच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, भातशेतीच्या घरी परतलास, आणि नानाच्या मंडळानं ठरवलं की किनाऱ्यावरच्या सगळ्या दवाखान्यांना फ्लूची झटपट किट वाटायची. नाकात काडी, काडी थेंबात, थेंब पट्टीवर, की झाला रिपोर्ट. नाना वाईट माणूस नाही. समुद्राजवळ त्याच्या पर्यटकांच्या खोल्या, हात सढळ, तोंड त्याहून सढळ. तू त्याला म्हणालास, "वाटा, पण आधी एक हंगाम मला तपासू द्या."

तो हंगाम काय मजेचा गेला, साडू! प्रत्येक आजारी माणसाच्या नाकातून दोन काड्या. एक तिथल्या तिथे किटच्या पट्टीवर. दुसरी गुलाबी पाण्याच्या नळीत, नळी बर्फात, बर्फ मुंबईला तुझ्या जुन्या प्रयोगशाळेत, पीसीआरच्या मोठ्या तपासणीला. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी मांडायची. त्याला तू 'जोडी' म्हणायचास. "आज किती जोड्या लागल्या?" असं फोनवर विचारायचास, आणि कारखान्यातल्या माणसांना वाटायचं मी वधूवरसूचक मंडळ काढलंय. बर्फ माझा, थर्माकोलचे खोके माझे. म्हणून मी स्वतःला त्या कामातला निम्मा शास्त्रज्ञ समजू लागलो होतो.

त्या निम्म्या शास्त्रज्ञानं काय दिवे लावले ते तुझ्या शोकसभेत मी सांगणार होतो, पण खुर्चीनं घोळ केला. म्हणून इथे सांगतो. एके सकाळी कारखान्यातून दोन खोके निघायचे होते. एक तुझ्या नळ्यांचा, मुंबईला. एक पापलेटचा, नानाच्या स्वयंपाकघरात. दोन्ही पांढरे, दोन्हींना सारखी चिकटपट्टी, आणि नावं घालायचं काम माझ्याकडे. दुपारी नानाच्या आचाऱ्याचा फोन. "शेट, ह्यो कंचा मासा हाय? नळीत हाय. गुलाबी हाय. तळायचा का कसा?"

तेवढ्यात दुसरा फोन. प्रयोगशाळेतून तुझी विद्यार्थिनी, कविता. अतिशय नम्र आवाजात, "काका, पापलेट छान आहेत. पण यांच्या नाकात काडी कशी घालायची?"

तोवर तू मला अहो-जाहो करायचास. त्या दिवशी कारखान्यात आलास आणि सगळ्यांदेखत म्हणालास, "गाढवा." आपली अरे-तुरेची सुरुवात ती. मी म्हटलं, "अरे पण त्यानं खोका उघडून लगेच बंद केला. बर्फ होता की आत!" तू एकही नळी ठेवली नाहीस. "नमुना कुठे होता, किती गार होता, हे सांगता येत नसेल तर तो नमुना नाही. फेकायचा. माझ्या बापाच्या नाकातला असला तरी फेकायचा."

हे वाक्य लक्षात ठेव, साडू. मी ठेवलंय. त्यावर मला पुढे यायचंय, आणि तेव्हा मी असा गमतीत बोलणार नाही.

मग तू मला नळ्यांपासून दूर केलंस आणि पट्टी वाचायला बसवलंस. पहिल्यानं काय वाचलं ते दुसऱ्याला कळू द्यायचं नाही, म्हणून दुसरे डोळे माझे. ठरलेल्या वेळेत बघायचं; पहिली रेघ तर येतेच, दुसरी, विषाणूची रेघ आहे की नाही ते सांगायचं. मी वडापाव खायला गेलो, वडे गरम निघत होते म्हणून थांबलो, आणि परत येऊन पट्ट्या वाचल्या. वेळ टळून गेली की पट्टीवर भलत्याच फिकट रेघा उमटतात हे मला काय ठाऊक? संकष्टीला उपाशी माणूस ढगात चंद्र शोधतो तसा मी एकेक रेघ शोधून काढली आणि अर्धा गाव आजारी ठरवला. त्यात देवळाचे गुरव, जे ठणठणीत होते आणि केवळ उत्साहानं काडी घालून घ्यायला आले होते.

"तुला रेघ दिसत नाही," तू म्हणालास, "तुला रेघ हवी असते."

हंगाम संपला. तुझं उत्तर सोपं होतं. हे किट 'आहे' म्हणालं तर बहुतेक खरं. 'नाही' म्हणालं तर त्याच्या भरवशावर राहू नका. ज्यांच्या नाकात विषाणू होता त्यातले कितीतरी लोक या पट्टीतून सुटले. तू नानाला म्हणालास, प्रत्येक खोक्यावर एक ओळ चिकटवा: रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी माणूस आजारी दिसत असेल तर उपचार थांबवू नका, पीसीआरला पाठवा.

नाना हसला. "अहो प्रभाकरराव, 'आमच्या वस्तूवर विश्वास ठेवू नका' असं छापून का कुणी वस्तू वाटतं?"

किट वाटली गेली. ओळ नाही. बॅनर मात्र होता, आणि फोटो निघाला. त्या फोटोत मीही आहे, हातात किट, सगळे दात बाहेर. नाना म्हणाला उभा राहा, मी राहिलो. तू महिनाभर माझ्याशी फक्त हवापाण्यावर बोललास.

आता रागाचं ऐक.

मला राग तुझ्या गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरचा आहे. पोरगेला आहे, कष्टाळू आहे, सगळं मान्य. तू तापानं फणफणलेला, खोकून खोकून वाकलेला, आणि त्यानं पट्टीकडे बघितलं, तुझ्याकडे नाही. "काका, नील आहे. व्हायरल असेल साधं. आराम करा." तू दुसरी काडी घ्यायला लावलीस. त्यानं घेतली, तुझा मान म्हणून. आणि ती नळी खिडकीतल्या स्टँडला उभी राहिली. रविवारभर. उन्हात. का? तिथल्या कंपाउंडरनं मला नंतर तोंडावर सांगितलं, अगदी साधेपणानं: "किट नील व्हतं ना, मंग घाई कसली? म्हनलं सोमवारच्या गाडीनं जाईल."

मंग घाई कसली. ऐकलंस ना? तुझा सगळा जन्म या तीन शब्दांशी भांडण्यात गेला, आणि शेवटी त्यांनीच तुला गाठलं.

मला राग नानाचा आहे, त्या ओळीचा आहे जी खोक्यावर नव्हती. माझ्या दातांचा आहे जे फोटोत आहेत.

आणि सगळ्यात जास्त राग तुझा आहे. हो, तुझा! मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलतात. ते काम नानानं केलंय. औषध सुरुवातीलाच द्यावं लागतं, माणूस बिघडलेला दिसला तर रिपोर्टची वाट बघू नये, हे तू या किनाऱ्यावरच्या एकेका डॉक्टरला सांगत हिंडायचास. मग स्वतःच्या वेळी "औषध सुरू करा" एवढं म्हणायला तुझी जीभ का उचलली नाही? मला माहीत आहे का. कारण तू मला फोन केलास. श्वास लागत होता तुला, आणि तू खूश होतास!

"साडू, ऐक. या वेळी मी स्वतःच जोडी झालोय. किट नाही म्हणतंय. आता पीसीआर येऊ दे. आला की नानाच्या पुढ्यात ठेवतो. माझंच नाक, बोल म्हणावं आता."

"औषध घेतलंस का?"

"डॉक्टर मी नाही. ते बघतील त्यांचं. येऊ दे रे आधी."

येऊ दे रे आधी! मूर्ख माणसा, तुला बरं व्हायचं नव्हतं, तुला भांडण जिंकायचं होतं. मी वडापावासाठी पट्ट्या वाया घालवल्या, तू एका जोडीसाठी काय वाया घालवलंस? आणि नळी निघाली की नाही हे तू मला का नाही बघायला लावलंस? बर्फाचा कारखाना आहे माझा. अख्खी लादी डोक्यावर घेऊन पळालो असतो. पण तुला वाटलं, नळी निघाली असेल. तूसुद्धा, साडू. तूसुद्धा न बघता मानलंस.

जेवायच्या वेळी तुला अलिबागच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला अंगणात गाडी आली, आणि वाटेवरच, रेवदंड्याच्या पुलाअलीकडे, तू गेलास.

तुझी राख सावडून आम्ही घरी येत होतो तेव्हा कविताचा फोन आला. रडत होती. "काका, सरांचा नमुना आला. पण गरम होता. चिठ्ठीवर घेतल्याचा वार आहे, ठेवला कुठे ते नाही. मी... मला नाकारावा लागला." मग म्हणाली, "सर असते तर त्यांनीच नाकारला असता." मी त्या मुलीला नको ते बोललो. म्हणालो, चालव की एकदा, बघ की काय येतंय! ती म्हणाली, "काका, त्यात नाही आला तर काय म्हणू? नील म्हणू?"

मी फोन ठेवला. बापाच्या नाकातला असला तरी फेकायचा. तुझंच वाक्य. घे.

म्हणून त्या संध्याकाळी शोकसभेत मी खुर्चीसकट उभा राहून ओरडलो, "नील नव्हता! सापडला नव्हता! यांच्या किटला सापडला नव्हता!"

दोघांनी खुर्ची ओढून काढली. नाना चिडला नाही, तेच वाईट झालं. शांतपणे म्हणाला, "शेट, तुमचं दुःख कळतं. पण मग त्या मोठ्या तपासणीत काय आलं?"

"नमुना नाकारला."

"म्हणजे तिकडेही पुरावा नाही."

आणि साडू, तो बरोबर होता. मला तिथे ठणकावून सांगायचं होतं की तुला फ्लूनं नेलं, त्या पट्टीनं नेलं. पण तू फोटोतून बघत होतास, आणि मला ऐकू येत होतं: तुला रेघ दिसत नाही, तुला रेघ हवी असते. मी खाली बसलो. दुसऱ्या खुर्चीत. बिनहाताच्या.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं खोकला आला. शकूताई. तुझी शकू. मांडीवर तुझी नात, अजून मान न धरणारी.

"साधं पडसं हाय हो," ती म्हणाली. "रडून रडून झालंय."

नाना भला माणूस. लगेच गाडीतून किट आणवलं, डॉक्टरही सभेला आलेलाच होता. तिथेच, ओटीवर, काडी घातली. सगळे पट्टीभोवती जमले. या वेळी मी वडापाव खायला गेलो नाही. वेळ होईपर्यंत बसलो, वेळ झाल्यावर एकदाच बघितलं. एकच रेघ, दुसरी नाही.

"नील," नाना म्हणाला आणि त्यानं हात जोडले. बायकांनी सुस्कारा सोडला. शकूताई नातीला घ्यायला वळली.

"हात लावू नका तिला," मी म्हटलं.

"भावजी, असं काय वं! नील हाय म्हंतात ना."

"शकूताई, प्रभाकरच्या घरात हा शब्द काढायचा नाही. अंग बघा तुमचं, तवा झालाय. पोर सुनेकडे द्या आणि आतल्या खोलीत जा. डॉक्टर, दुसरी काडी घ्या. आणि औषध आता सुरू करा, रिपोर्ट येईल तेव्हा येईल."

मला वाटलं डॉक्टर वाद घालील. त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. शकूताईकडे बघितलं. नाडी धरली, श्वास ऐकला, बराच वेळ. मग बॅग उघडली. "काकांच्या वेळी हेच करायला हवं होतं," एवढंच म्हणाला, आणि त्यानं पहिली गोळी शकूताईच्या हातावर ठेवली. त्याच्यावरचा माझा राग तिथे थोडा उतरला. सगळा नाही.

नळी मी कुणाच्या गाडीनं पाठवली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच मांडव्याहून रो-रो बोटीनं मुंबईला गेलो, खोका मांडीवर, माझ्या कारखान्याचा बर्फ, आणि वर माझ्या अक्षरात हे एवढं मोठं: मासे नाहीत. शेजारच्या बाईनं विचारलं, "मग काय आहे?" मी म्हटलं, "आमच्या मेव्हणीचं नाक." बाई जागा बदलून बसली. कवितानं दारातच खोका घेतला, आत हात घालून गारवा बघितला, आणि पहिल्यांदा हसली.

संध्याकाळी मी धक्क्यावर होतो. दिघीची फेरीबोट लागत होती. फोन आला. "काका, आढळला. फ्लूच आहे."

साडू, रोग निघाला म्हणून आनंदानं ओरडणारा माणूस त्या धक्क्यावर आजवर झाला नसेल. फेरीबोटीतल्या लोकांना वाटलं मला लॉटरी लागली. बर्फ फोडणारा गणपत धावत आला. "काय झालं शेट?" "जोडी लागली रे!" त्यानं विचारलं, "कुनाचं लगीन?"

शकूताईला उतार पडतोय. पेज जाते. तुझ्या नातीला अजून ताप नाही, डॉक्टर रोज येऊन बघतो. नानाकडे मी गेलो होतो, कविताचा रिपोर्ट घेऊन. तयारी करून गेलो होतो, शिव्यासुद्धा पाठ होत्या. त्यानं वाचलं आणि म्हणाला, "एका माणसावरून काय ठरतं?" मी पाठ केलेल्या शिव्या गिळल्या, कारण हेही तूच म्हणाला असतास. मग तोच म्हणाला, "ती ओळ काय होती, प्रभाकररावांची? सांगा बरं पुन्हा." मी सांगितली. तो छापेल का, माहीत नाही. छापली नाही तर मी त्याच्या प्रत्येक खोक्यावर स्वतः चिकटवीन, आणि माझं अक्षर कसं आहे ते त्याचा आचारी त्याला सांगेल.

काल तुझ्या ओटीवर गेलो होतो. शकूताईच्या खोलीच्या दारात, लांबच उभा होतो. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "भावजी, ह्यांचं काय आलं असतं हो, नळी नीट गेली असती तर?"

मी जन्मभर आधी बोलतो, मग विचार करतो. जिभेवर तयारच होतं. आढळला असता, नक्की आढळला असता. ती तेवढंच ऐकायला थांबली होती. खुंटीवर तुझा चष्मा टांगलेला होता.

"माहीत नाही, शकूताई," मी म्हटलं. "आता कधीच कळणार नाही."

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "हेच म्हनाले असते बघा. मेले मला कधी धड एक उत्तर दिलं न्हाय." आणि रडता रडता हसली, आणि खोकली.

खरंच नाही दिलंस. मलाही नाही. जोडी अर्धी ठेवून गेलास, साडू, आणि भांडण माझ्या गळ्यात. तुझ्यावरचा माझा राग ही काही फिकट रेघ नाही. वेळ टळून गेल्यावर कुणी वाचली तरी दिसेल, आणि या वेळी मला ती रेघ नको होती, तरी दिसते.